उद्यमनगरात करून घेतलेली बर्मी धा, चार महिने वापरून झाल्यावर

मर्दानी खेळ लहानपणापासून खेळतोय, दांडपट्टा, तलवार, लाठी सगळं हातात घेतलंय, पण मागच्या वर्षी ब्रह्मदेशाच्या धा तलवारीनं पार येड लावलं. परज (मुठीपुढं हात वाचवणारा आडवा भाग) नाही, मूठ गोल आणि लांबच लांब, दोन्ही हात मावतात, पातं एकधारी आणि हलकंच वाकलेलं. थायलंडमधे हिचीच बहीण दाब. आधी एका दुकानातून ऑनलाइन मागवली, फोटोत एकदम भारी, पण हातात घेतल्यावर सब्बल धरल्यासारखी. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर मुठीजवळ 6 मिमी आणि टोकाला पण 6 मिमी! म्हणजे पट्टी कापून ग्राइंडरनं नुसता आकार काढलेला.

मग उद्यमनगरातल्या एका लोहारमामांकडं गेलो. त्यांना म्हटलं मामा आकार सोडा, जाडी बघा. मुठीजवळ 7, मधे 5, टोकाजवळ 3 मिमी पाहिजे. ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घेतला, भट्टीत लाल केला आणि ठोकून ठोकून निमुळता करत नेला. हिशोब साधा आहे: रुंदी सारखी धरली तर 7 मिमीच्या सरळ पट्टीपेक्षा लोखंड सुमारे 29 टक्के कमी लागतं, आणि 60 सेंमीच्या नुसत्या पात्याचा तोल (बोटावर ठेवल्यावर पातं जिथं स्थिर राहतं ती जागा) मुठीच्या टोकापासून 30 वरून 26 सेंमीवर येतो. चार सेंमी ऐकायला काहीच नाही, पण फिरवताना मनगटाला लगेच कळतं राव. वर 28 सेंमीची लाकडी मूठ मागं ओढते, त्यामुळं टोक उचलायला जोर लागत नाही, वळवायची म्हटली की वळते.

मामांनी विचारलं सगळ्याच तिकडच्या तलवारी अशा का? नाही, हे सांगताना मलाच मजा आली. फिलिपिन्सची कंपिलान बरोबर उलटी, मुठीकडं अरुंद आणि टोकाकडं रुंद होत जाते, तिथं वजन पुढंच पाहिजे कारण घाव घालायचा असतो, आणि तेवढं वजन सावरायला मागं वासलेल्या जबड्यासारखी मोठी मूठ. जावाची क्रिस तर खुपसायची, ती बुडाशी एकदम रुंद, तेही एका बाजूला जास्त, आणि मग टोकापर्यंत निमुळती. फोटो बघून पट्टी कापणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाणी चांगलं पाजलंय (म्हणजे तापवून विझवून कडक केलंय), चार महिन्यांत पातं कुठं वाकलं नाही. सरावाचीच आहे म्हणून धार लावलेली नाही, बोथटच ठेवायला सांगितलं, तुम्ही पण तसंच करा, मोठ्या पात्याच्या हत्याराला कायदा आडवा येतो. एक तक्रार आहे, पात्याचा मुठीत जाणारा दांडा लाखेनं बसवलाय (आपल्या जुन्या तलवारींना पण लाखच असायची) पण ती नीट तापवून भरली नव्हती, दुसऱ्या महिन्यात मूठ हलायला लागली. परत नेली तर मामांनी पैसे न घेता पुन्हा भरून दिली, आता दगडासारखी घट्ट आहे.

एकूण 4,200 रुपये आणि तीन आठवडे लागले. जाणार असाल तर कागदावर जाडीचे तिन्ही आकडे लिहून न्या, आणि मूठ बसवायच्या आधी नुसतं पातं बोटावर तोलून बघा, त्यानंतर काही बदलता येत नाही.