पासमधला बग: फ्लॅग काढायचा, ट्रान्सफॉर्मच थांबवायचा की फ्रीझ लावायचं?

रविवारी राजेंद्रनगरला मामाकडे पोहे-जिलबी चालू होती आणि मामेभावाने लॅपटॉपच पुढे सरकवला, दादा माझा एलएलव्हीएमचा पास (कंपायलरमधला कोड सुधारणारा एक टप्पा) ओ२ ला, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालू असताना, चुकीचं उत्तर देतोय, कुठला फिक्स टाकू? ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट (ठराविक पासनंतर थांबवून दोषी पास शोधायचा पर्याय) लावून चूक आपल्याच पासची हे त्याने शोधलेलं आणि यूबीसॅन, म्हणजे सी कोडमधला ओव्हरफ्लो वगैरे पकडणारं साधन, तेपण चालवलेलं, हे फार चांगलं केलं, कारण बऱ्याचदा ओव्हरफ्लो आपल्याच सी कोडमध्ये असतो आणि शिव्या कंपायलर खातो.

पास (अ+ब)+क चं अ+(ब+क) करतो, पण एनएसडब्ल्यू फ्लॅग, म्हणजे साईन्ड ओव्हरफ्लो होणार नाही हे वचन, तसंच ठेवतो. ८ बिटांत अ = -१००, ब आणि क १०० घ्या. आधी ० येतो, मग १००, सगळं ठीक. नवीन क्रमाने ब+क = २००, मर्यादा १२७, वचन मोडलं की व्हॅल्यू पॉयझन, म्हणजे तिच्यावर काहीच भरवसा नाही.

फ्लॅग काढला तर २०० गुंडाळून -५६ होतो आणि शेवटी बरोबर १००च येतो, ट्रान्सफॉर्म पण टिकतो. तोटा एवढाच की पुढच्या पासेसची माहिती जाते, उदा. लूपचा ३२ बिटी इंडेक्स ६४ चा करताना हाच फ्लॅग कामी येतो.

फ्लॅग दिसला की ट्रान्सफॉर्म करायचाच नाही, हे एका ओळीचं काम आणि रिलीज उद्यावर असेल तर मी पण हेच करेन. पण सी मधल्या साध्या इंट बेरजेवर हा फ्लॅग असतोच, मग साईन्ड कोडवर तुमचा पास जवळपास काहीच करत नाही.

फ्रीझ ही सूचना (एलएलव्हीएम १०, २०२० पासून) इथे सरळ चूक आहे! ते पॉयझनच्या जागी कुठलीतरी एक व्हॅल्यू पक्की करतं, आपली -५६च येईल असं नाही. सिलेक्टचं (अट बघून दोनपैकी एक व्हॅल्यू निवडणारी सूचना) अँड करताना दुसऱ्या बाजूला लावा, तिथे ते बरोबर बसतं.

मी फ्लॅग काढायला सांगितला. त्याने आतल्या बेरजेवरचाच काढला, अलाइव्ह२ मध्ये (बदलाआधीचा आणि नंतरचा कोड जुळतो का ते तपासणारं साधन) टाकलं तर परत फेल, कारण -१०० आणि -५६ मिळून -१५६, बाहेरची बेरीजही ओव्हरफ्लो. दोन्हीवरचा काढल्यावर तपासणी पार पडली, आणि तेच आकडे त्याने लगेच टेस्ट फाईलमध्ये टाकले.