टोटची खिडकी: 10 रुपयांचं तिकीट, 14 रुपयांचा खर्च

टोट म्हणजे रेसकोर्सवरची पैजेची अधिकृत व्यवस्था: सगळ्यांचे पैसे एका पुलात जमतात, रेस भरवणारा क्लब आपली कपात घेतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. सेवा म्हणून तिला नावं ठेवायला फारशी जागा नाही. रेस नंबर, घोड्याचा नंबर, पूल (उदाहरणार्थ विन, म्हणजे घोडा पहिला येण्यावरची पैज) आणि तिकिटं असं ओळीने सांगायचं: "तिसरी रेस, 5 नंबर, विन, 20 तिकिटं." छापील तिकीट खिडकीवरच वाचून घ्या, कारण रेस सुटल्यावर चूक दुरुस्त होत नाही. निकाल अधिकृत होईपर्यंत तिकीट फाडू नका. ऑब्जेक्शन (निकालावरची हरकत) मंजूर झालं तर दुसरा आलेला घोडाही पहिला ठरू शकतो.

दुखणं किमतीत आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर 40 टक्के जीएसटी आहे. त्याआधी 28 होता. तो क्लबच्या कमिशनवर नाही, पैजेच्या पूर्ण रकमेवर बसतो. म्हणजे 10 रुपयांच्या तिकिटाला 14 मोजायचे, आणि डिव्हिडंड (जिंकलेल्या तिकिटावर मिळणारी रक्कम) मात्र 10 वर. हरलेल्या तिकिटावरचा करही गेला तो गेलाच.

हिशेबासाठी टोटची कपात 20 टक्के धरू. मग सरासरीने 140 रुपयांतले 80 खेळणाऱ्यांकडे परत येतात. हजार रुपये घेऊन आलेल्याने हातात आलेले सगळे पैसे दर रेसला परत लावले, तर पाच रेसनंतर सरासरी 61 रुपये उरतात. कर नसता तर 328 उरले असते. क्लबची अडचण याहून मोठी. करच नसता तर हे हजार रुपये संपेपर्यंत फिरून फिरून 5,000 रुपयांच्या पैजा झाल्या असत्या आणि पूर्ण हजार कमिशन म्हणून क्लबकडे आले असते. 40 टक्क्यांत पैजा होतात जेमतेम 1,667 रुपयांच्या. क्लबला मिळतात 333, सरकारला 667. खिसा तोच, गिऱ्हाईक तेच. स्टेक्स (घोड्यांच्या मालकांना मिळणारी बक्षिसं), हिरवळीची निगा, स्टार्टिंग गेट, फोटो-फिनिशचा कॅमेरा हे सगळं त्या 333 मधून.

त्यात पूल आटला की टोट हे साधनच बिघडतं. समजा विनच्या पुलात 20,000 आहेत आणि त्यातले 4,000 तुमच्या घोड्यावर. 20 टक्के वजा करून 16,000 उरले, म्हणजे बोर्डावर भाव 10 ला 40. तुम्ही 4,000 ची तिकिटं घेतली (करासकट 5,600 गेले), की पूल 24,000 चा होतो, वाटायला 19,200 उरतात आणि तुमच्या घोड्यावर 8,000 दिसतात. भाव 40 वरून 24 वर. तुमच्याच पैशाने तुमचा भाव पाडला! दोन लाखांच्या पुलात हा धक्का फारसा जाणवला नसता. बेकायदा बुकी ठरलेला भाव देतो, कर लावत नाही. मोठा खेळणारा तिकडे वळतो, पूल आणखी आटतो. मग स्टेक्स घटतात. ट्रेनरचं बिल आणि सईसाचा पगार दर महिन्याला भरणारा मालक पुढच्या वर्षी एक घोडा कमी घेतो, आठची रेस पाचची होते आणि पाच घोड्यांवर फारसं कुणी खेळत नाही.

जास्त कर म्हणजे मरण, असंही नाही. हाँगकाँगमध्ये घोड्यांच्या पैजांवरचा कर 72.5 ते 75 टक्के आहे, पण तो बक्षिसं वाटून उरलेल्या रकमेवर. त्यामुळे खिडकीवर 10 चं तिकीट 10 लाच मिळतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ म्हटलं, तरी कराच्या यादीत त्या लॉटरी आणि कॅसिनोच्या रांगेतच आहेत.

जमिनीचा प्रश्न वेगळा. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा 2013 मध्ये संपला होता. 2024 च्या निर्णयात सुमारे 120 एकर उद्यानासाठी गेले आणि क्लबकडे साधारण 91 उरले. चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सला तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये थेट टाळं ठोकलं. सिंगापूरमध्ये 5 ऑक्टोबर 2024 ला शेवटची रेस झाली आणि जमीन घरांसाठी सरकारला परत द्यायचं ठरलं. शहराच्या मध्यातली एवढी हिरवळ 333 च्या हिशेबावर कोण किती दिवस राखू देईल, हा साधा सवाल आहे.

पाचपैकी दोन तारे, तेही खिडकीवरच्या चोख कामाला. जायचंच असेल तर रेसकार्डावर दोन रेस निवडा, बाकीच्या पॅडॉकजवळ (रेसआधी घोडे फिरवतात ती जागा) उभं राहून बघा. बोर्डावरचा भाव 14 च्या खाली असेल तर घोडा जिंकूनही तुमचं नुकसानच आहे, आणि शेवटच्या दोन मिनिटांत भाव पडतोही, म्हणून 18-20 च्या आत हात घालू नका. जॅकपॉट लागलाच तर एका व्यवहारात 10,000 पेक्षा जास्त जिंकल्यास 30 टक्के टीडीएस तिथेच कापला जातो. 50,000 चे हातात 35,000. मोसमभर हरलेली तिकिटं त्यातून वजा करता येत नाहीत.