बीपीच्या गोळीची ट्रायल, वय ७१: सहा महिने जाऊन आल्यावर

पोस्टात ३४ वर्षं काउंटरवर बसले, त्यामुळे कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही ही सवय हाडात मुरलेली. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात बीपीच्या औषधाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत, नाव घातलं. दोन औषधं एकाच गोळीत, साठीच्या पुढच्यांसाठी. सहा महिने, सात फेऱ्या. रुग्णालयाचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिल्यात आणि तिथली माणसं मनाने चांगली आहेत. पण आमच्या वयाच्या कुणाला असं विचारलं गेलं तर आत काय असतं ते कळावं म्हणून हे लिहिते.

खरं तर जायचं होतं आम्हा दोघांना. आमचे हे ७७ वर्षांचे. बीपी माझ्यापेक्षा जुनं, साखर आहे, दिवसाला नऊ गोळ्या. पहिल्याच तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) वाढलेलं निघालं आणि यांना बाद केलं. मला घेतलं, कारण मला बीपी सोडून दुसरं काही नाही. डॉक्टरांनी नीट समजावलं: किडनी अधू असली तर औषध अंगात साठतं, धोका नको. ते पटलं. तरी परतीच्या एसटीत हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या ही गोळी बाजारात आली की लिहून मात्र मलाच देणार." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गल्लीत सत्तरीच्या पुढचं एकच दुखणं असलेलं माणूस मला तरी माहीत नाही. मग गोळी तपासायची कुणावर, आणि घ्यायची कुणी?

डॉक्टरांना मी हेच विचारलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढून सांगितलं की ऐंशीच्या पुढच्या माणसाचं बीपी औषधाने खाली आणावं की नाही, यावर डॉक्टरांमध्येच बरीच वर्षं दोन मतं होती. मग 'हायव्हेट' नावाची ट्रायल झाली, ८० आणि त्यापुढच्या ३,८४५ जणांची. औषध घेणाऱ्यांत मृत्यू इतके कमी दिसले की ती ठरलेल्या वेळेआधीच थांबवली, आणि २००८ साली निकाल छापून आला. उलटं उदाहरणही दिलं. हार्टचा त्रास नसलेल्या म्हाताऱ्यांनी रोज अ‍ॅस्पिरिन घ्यावी का, हे ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांवर लोकांवर पाहिलं. २०१८ च्या निकालात फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र जास्त दिसला. माझी थोरली बहीण कुणीतरी सांगितलं म्हणून ती गोळी वर्षानुवर्षं घेत होती. त्याच रात्री तिला फोन करून डॉक्टरांकडे पाठवलं. तरुणांवर तपासलेलं औषध म्हाताऱ्यांना अंदाजाने द्यायचं, हे थांबायला हवं असेल तर आपल्यातल्या कुणीतरी जायला हवं. माझी सही झाली ती या कारणाने.

सही करण्याआधी मात्र कागद घरी आणले. कोऑर्डिनेटर मुलगी स्वतःहून म्हणाली, "काकू, घरी न्या, मुलांना दाखवा, घाई नाही." हे फार आवडलं. संमतीपत्र १९ पानांचं, मराठीत, पण अक्षर इतकं बारीक की चष्मा लावून वर भिंग धरावं लागलं. साठीच्या पुढच्यांच्या ट्रायलचा कागद या अक्षरात कुणी छापला असेल? आणि भाषा अशी की एक वाक्य तीनदा वाचलं तरी हाती काही लागेना. मजकुराला एथिक्स कमिटीची, म्हणजे ट्रायलमध्ये माणसांची नीट काळजी घेतली जाते ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी असते आणि त्या कमिटीत डॉक्टर नसलेलं सामान्य माणूसही असावं लागतं. त्या सदस्याने हे पान आपल्या आईला वाचायला दिलं असतं तर बरं झालं असतं.

भरपाईबद्दल कागदात फक्त 'नियमानुसार' होतं. पोस्टल विम्याचे हिशेब केलेल्या बाईला तेवढं कसं पुरेल? नातीने २०१९ चे नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम मोबाइलवर काढून दिले. ट्रायलमुळे माणूस दगावला तर सूत्र असं: ८ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वयाचा आकडा १६ वर्षांपर्यंत २२८.५४, तो उतरत उतरत ६५ नंतर ९९.३७. म्हणजे आमचा भागाकार बरोबर एक. जोखमीचा आकडा (आधीचं दुखणं जितकं कमी तितका तो मोठा) ३ धरला तर माझे २४ लाख, आणि सोळा वर्षांच्या मुलाचे ५५ लाखांच्या वर. कामगार भरपाईत पुढच्या कमाईची वर्षं मोजतात, तिथे ते कळतं. इथे कमाईचा संबंध काय? मी माझं शरीर देते आहे, आणि म्हातारं शरीर हीच तर त्यांची गरज आहे. कागदावर तो एक बघून मला मनापासून वाईट वाटलं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि कधीही कारण न देता बाहेर पडता येतं, हे मात्र ठळक लिहिलेलं होतं.

तिथलं सगळ्यात चांगलं काय पाहिलं, तर माण तालुक्यातल्या एका आजींची संमती. लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा वेळी ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, म्हणून बाहेर बसलेल्या एका पेशंटच्या मुलाला बोलावलं. कोऑर्डिनेटरने तासभर पान न् पान वाचलं, तेही छापलेल्या भाषेत नाही, बोलीत. आजींनी एकच विचारलं, "गोळी नाय सोसली तर घरला जाऊ द्याल नव्हं?" मुलगी म्हणाली, "त्याच दिवशी, आजी." आणि 'मग आता तुम्ही मला सांगा, काय समजलं' असं म्हणून सगळं आजींकडून वदवून घेतलं. मगच अंगठा. शाई पुसायला तिने स्वतःचा रुमाल दिला.

तपासणीही तशीच मन लावून. दर फेरीला पाच मिनिटं झोपवून बीपी, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. बाहेरच्या दवाखान्यात असं कुणी कधी केलं नव्हतं. तिसऱ्या फेरीच्या आधी रात्री मोरीकडे जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वयाचं म्हणून सोडून दिलं असतं, पण डायरीत लिहायला सांगितलं होतं म्हणून लिहिलं. त्या दिवशी झोपून वरचं १४८ आणि उभ्याने १२२ आलं. डॉक्टरांना लगेच बोलावलं, नियमात मुभा होती म्हणून कमी ताकदीच्या गोळीवर आणलं, आणि पुढचे आठ दिवस रोज संध्याकाळी फोन. उरलेल्या गोळ्याही दर वेळी पाकिटातून काढून समोर मोजायचे. एक कमी भरली तर रागावणं नाही, नुसतं विचारणं.

आता तक्रार. रक्त उपाशीपोटी, वेळ सकाळी आठची. साताऱ्याहून त्यासाठी पहाटे साडेचारला घर सोडायचं. आणि रक्त घेतलं जायचं कधी दहाला, एकदा तर सव्वाअकराला. एक आजोबा रांगेतच घामाघूम होऊन बसले, कुणीतरी पिशवीतून साखर काढून दिली. त्यानंतर पुण्याबाहेरच्यांना आधी घ्यायला लागले, पण ते आधीच सुचायला हवं होतं. खिडकीतून नंबर पुकारतात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांची पाळी निघून जाते. लिफ्ट दोन फेऱ्यांना बंद होती. प्रवासखर्च दिला, वेळेवर दिला.

सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं. सातव्या फेरीला गोळ्या परत घेतल्या, सही घेतली, संपलं. मला कुठली गोळी होती, निकाल काय लागला, विचारलं तर 'अजून कळलेलं नाही'. कबूल, सगळ्या गावांचे आकडे जमेपर्यंत कळत नाही. पण कळल्यावर एक पोस्टकार्ड तरी पाठवा, असं मी पत्ता लिहून देऊन सांगितलं. ट्रायलचा नोंदणी क्रमांक सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायलींची सरकारी नोंदवही) संकेतस्थळावर टाकला की स्थिती दिसते, तेवढं नात अधूनमधून बघते.

जाणार असाल तर चष्मा, भिंग आणि चालू गोळ्यांची यादी न्या. डब्यात भाकरी-चटणी ठेवा, रक्त झाल्याझाल्या खायला. प्रश्न कागदावर लिहून न्या, ते उत्तरं देतात. आणि किडनी अधू, साखर असलेल्या, दिवसाला नऊ गोळ्या घेणाऱ्या माणसाला घेणारी ट्रायल कुठे सुरू झाल्याचं कळलं तर कृपया खाली लिहा. यांची फाईल तारखेप्रमाणे लावून ठेवली आहे.