सरकारी लठ्ठपणा शस्त्रक्रिया विभाग: ऑपरेशनला पाच, यादीला एक

सेवा सरकारी, शस्त्रक्रिया मोफत. प्रकार स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे दुर्बिणीतून जठराचा सुमारे 80 टक्के भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात ती. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या नर्सबाईंना मला अजून बरीच वर्षं तोंड दाखवायचं आहे. गुण द्यायचे तर शस्त्रक्रियेला पाचपैकी पाच आणि प्रतीक्षा यादीला एक. तो एकसुद्धा नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंमुळे, कारण त्या निदान खरं बोलल्या: "तारीख मला पण माहीत नाही हो ताई."

मी कपडे शिवते. गिऱ्हाइकाला तारीख देणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग आहे. उशीर होतो, सगळ्यांनाच होतो, पण ब्लाउज कापलाय, शिवलाय की अजून गाठोड्यातच आहे, एवढं तरी विचारलं की सांगावं लागतं. इथे तेवढंही कोणी सांगत नाही. माझी नोंदणी झाल्यावर दुसरा उन्हाळा उलटून गेला तरी मी यादीत कितवी आहे हे मला कधीच कळलं नाही.

मुळात यादी एक नसते, हे आधी समजून घ्या. पहिली रांग तपासण्यांची: आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, एंडोस्कोपी, हृदय, थायरॉइड आणि रात्रभर यंत्र लावून झोपेची चाचणी. ती पार पडली की सगळे डॉक्टर एकत्र बसून तुमची फाइल बघतात. त्यांनी होकार दिला की मग दुसरी रांग, ऑपरेशन थिएटरची. मी पहिल्या रांगेतला वेळ दुसरीत मोजला जाईल असं धरून होते, तसं नसतं. शिवाय दुसरीत उभं असताना पहिलीतले रिपोर्ट शिळे होतात. माझी रक्ततपासणी आणि ईसीजी दोन्ही परत करावे लागले. झोपेच्या चाचणीत श्वास अडकतो असं निघालं, तर रोज रात्री मास्क लावायचं सीपॅप यंत्र आलं, आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत भूलतज्ज्ञ सही करेनात. ते बरोबरच होतं. पण झोपेच्या चाचणीलाही वेगळी रांग आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ती मी सगळ्यात आधी धरली असती.

एक किस्सा सांगतेच. भूलपूर्व तपासणीत माझा रक्तदाब जास्त आला आणि "आधी औषधं सुरू करा" म्हणून फाइल बाजूला पडली. दंडाला लावलेला पट्टा माझ्या दंडाला पुरत नव्हता, चिकटवलेला सारखा सुटत होता. टेपनं मापं घेण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे दिसणारच. लहान पट्ट्यावर आकडा खोटा वाढतो. मी मोठा पट्टा मागितला, एका शिकाऊ डॉक्टरीण बाईंनी तो दुसऱ्या वॉर्डातून शोधून आणला आणि रक्तदाब नॉर्मल निघाला. लठ्ठपणाच्याच विभागात मोठा पट्टा शोधावा लागतो, यावर काय बोलायचं! बाहेरच्या खुर्च्या मात्र हात नसलेल्या आणि भक्कम आहेत. ज्यानं कोणी त्या मागवल्या त्याला समज आहे.

पात्रतेबद्दल. विभागाच्या माहितीपत्रकात अजून 1991 चा अमेरिकी निकष छापलेला आहे: बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर 35. तज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एएसएमबीएस आणि आयएफएसओ यांनी, 2022 मध्ये तो खाली आणला. आता आजार नसला तरी 35 ला शस्त्रक्रियेची शिफारस आहे, टाइप 2 मधुमेह असेल तर 30 ला, आणि आशियाई लोकांसाठी तर 27.5 पासूनच विचार करावा असं त्यात आहे, कारण आपल्याला कमी वजनावरच साखर गाठते. मी हे विचारलं तेव्हा सर्जन हसले. म्हणाले, "जुन्या आकड्याचेच लोक संपत नाहीत." उत्तर प्रामाणिक होतं, पण याचा अर्थ असा की आजार वाढेपर्यंत थांबलेल्यालाच दार उघडतं.

यादीतल्या प्रत्येकाला एक भीती असते: थांबलेल्या काळात वजन कमी केलं तर नाव कापतील का? माझ्या शेजारी बसणाऱ्या एक काकू या धास्तीनं आहारतज्ज्ञांचा कागद घडी करून पर्समध्येच ठेवायच्या. मी सरळ विचारून घेतलं. आमच्याकडे पहिल्या नोंदीचा बीएमआय धरतात, नंतर उतरलेल्या वजनाची शिक्षा नाही. हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायला हवं. तुमच्याकडे काय नियम आहे ते पहिल्याच भेटीत विचारा आणि केसपेपरवर लिहून मागा.

मग तारीख मिळाली. त्याआधी दोनेक आठवडे अगदी कमी कॅलरीचा, बहुतेक द्रव आहार असतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. तो आकसला तरच दुर्बिणीला वाट मिळते. मधुमेहाच्या औषधांचा डोसही डॉक्टरांना विचारून उतरवावा लागतो, नाहीतर साखर घसरते. हे सगळं निभावलं आणि आदल्या संध्याकाळी फोन आला: अतिदक्षता विभागात खाट नाही, अपघाताचे रुग्ण आलेत. त्यांचा हक्क आधी, यात वादच नाही. माझा राग वेगळाच. उद्यापासून जेवायचं की द्रवावरच राहायचं, गोळ्या कोणत्या घ्यायच्या, हे फोन करणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि कोणाला विचारायचं तेही नव्हतं. शेवटी आहारतज्ज्ञ मॅडमनी स्वतःहून फोन करून सांगितलं. पूर्ण विभागात एक माणूस पूर्ण गुणांचं, ते हेच.

ऑपरेशनबद्दल लिहायला फार नाही, कारण सगळं नीट झालं. त्याच संध्याकाळी चालवलं, रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शनं दिली, नाडी जोरात धावली किंवा ताप, पोटदुखी वाढली तर थांबू नका, टाक्याच्या रेषेतून गळती असू शकते, हे घरच्यांसमोर बजावलं. कोणी माझ्या जेवणावरून टोमणा मारला नाही. खासगी दवाखान्यात मी तो पैसे मोजून ऐकलेला आहे.

"एवढं थांबण्यापेक्षा आठवड्याचं इंजेक्शन घे," असं मला निम्म्या गिऱ्हाइकांनी सांगितलं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही औषधं खरोखर काम करतात. पण सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं होतं, म्हणजे ते चालूच ठेवायचं आणि खर्चही चालूच. शस्त्रक्रियेचा हिशेब जुना आहे. स्वीडनमध्ये 1987 पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 2,000 लोकांची, न झालेल्या तेवढ्याच लोकांशी तुलना केली गेली. 2007 च्या अहवालात शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी निघाले. हे माहीत असताना सरकारी यादी वर्षानुवर्षं रेंगाळते, तेव्हा मला ते काटकसरीचं वाटत नाही. थांबलेल्या काळातला मधुमेह, गुडघे आणि सीपॅप यांचं बिल शेवटी त्याच तिजोरीतून जातं.

नंतरच्या सेवेला पाचपैकी तीन. बी12, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं असतं, ठरावीक काळानं रक्त तपासायचं असतं, आणि उलट्या थांबत नसतील तर थायमिन घटून नसांवर परिणाम होण्याआधी पोहोचायचं असतं. विभाग पहिली 2 वर्षं हे बघतो, पुढे जवळच्या डॉक्टरांकडे सोपवतो. माझ्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेचं पत्र पोहोचलेलंच नव्हतं. म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या चार प्रती काढा, आणि त्यातली एक पाकिटात कायम ठेवा.