लॅबमधला डबा, नवा क्लस्टर की भाड्याचा क्लाउड?

संस्थेत नवा क्लस्टर, म्हणजे जोडून एकत्र चालवलेल्या बऱ्याच संगणकांचा संच, आला की पहिले पंधरा दिवस सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, वेगाचा. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ साली परम ब्रह्म बसला, तो ७९७ टेराफ्लॉप्सचा, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी गणितं करणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या वाट्याला परम रुद्र आला, तो एक पेटाफ्लॉपचा, म्हणजे हजार टेराफ्लॉप्सचा. दोन्ही राष्ट्रीय महासंगणन अभियानातले, आणि आकडे ऐकून छाती फुगावी असेच. पण तो आकडा पाहून अकाउंटचा अर्ज भरू नका. अख्खं यंत्र कुणालाच मिळत नाही. मिळतात त्यातले दोन-चार नोड, म्हणजे त्या संचातले सुटे संगणक, तेही रांगेत उभं राहून. तेव्हा तुमचं काम कुठल्या जातीचं आहे, हे आधी पाहा.

मी तिन्ही वापरलं आहे: लॅबमधलं वर्कस्टेशन (आमचा ‘डबा’), संस्थेचा क्लस्टर आणि तासाच्या भाड्याने मिळणारा क्लाउड. तिन्हीकडे हात पोळले आहेत.

लॅबच्या डब्याला आम्ही फार नावं ठेवायचो, पण त्याचं एक सुख क्लस्टरवर कधीच मिळत नाही. एंटर दाबलं की काम सुरू. कोड अजून लिहिला जातोय, दर पाच मिनिटांनी काहीतरी मोडतंय, आलेख डोळ्यांनी पाहायचा आहे, तर डब्यासारखं काही नाही. खिडक्या उघडून माउसने चालवायची सॉफ्टवेअरं किंवा एकाच मशीनला बांधलेलं लायसन, हेही तिथेच राहू द्या.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना सांगितली तर पटत नाही. एकाच कोरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच गणित करणाऱ्या भागावर, चालणारा प्रोग्रॅम क्लस्टरवर नेला तर तो बहुधा उलट हळू चालतो. क्लस्टरचे प्रोसेसर संख्येने भरपूर, पण एकेकट्याचा वेग चांगल्या डेस्कटॉपपेक्षा कमी. आर किंवा पायथनची साधी स्क्रिप्ट तिकडे टाकून ‘सुपरकॉम्प्युटर स्लो आहे’ असं म्हणणारे दरवर्षी भेटतात.

डब्याचा शत्रू म्हणजे वीज. माझा अकरा दिवसांचा रन एका गुरुवारी गेला. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज घालवायची तर ती गुरुवारी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यूपीएस वीस मिनिटं तगला, आणि चेकपॉइंट, म्हणजे काम मधूनच पुढे सुरू करता यावं म्हणून जपलेली स्थिती, लिहायचा मी कंटाळा केला होता. तेव्हापासून आठवड्याहून लांब काही डब्यावर लावत नाही.

डब्यात गेमिंगचं जीपीयू (ग्राफिक्स) कार्ड असेल तर थोडा हिशेब करावा लागतो. आरटीएक्स ४०९० घ्या. साध्या अचूकतेत (३२ बिटांचे आकडे) ते ८० टेराफ्लॉप्सच्या वर जातं, पण दुहेरी अचूकतेत (६४ बिटांचे) त्याच्या चौसष्टाव्या भागावर, म्हणजे जेमतेम १.३ वर येतं. क्लस्टरवरचं २०१७ सालचं व्ही१०० हे त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी म्हातारं कार्ड दुहेरीत सातच्या आसपास देतं. म्हणून न्यूरल नेटवर्क शिकवायचं असेल किंवा ग्रोमॅक्सवर रेणूंची हालचाल पाहायची असेल, तर स्वस्त कार्ड झकास. दुहेरी अचूकता लागणाऱ्या क्वांटम केमिस्ट्रीवाल्यांनी मात्र आकडा नीट वाचूनच सरांकडे खरेदीचा विषय काढावा.

आता क्लस्टर. परम ब्रह्मसारख्या यंत्रात एका साध्या नोडवर ४८ कोर आणि १९२ जीबी मेमरी असते. म्हणजे कोरमागे ४ जीबी. हा भागाकार अर्ज भरण्याआधी करायचा. तुमच्या प्रत्येक प्रोसेसला १० जीबी लागत असेल तर ४८ पैकी एकोणीसच कोर कामाला येतील, बाकीचे रिकामे. जीनोम जुळवणाऱ्यांना तर एकाच प्रोसेसला शेकडो जीबी हवे असतात. त्यांनी थेट जास्त मेमरीच्या नोडची रांग धरावी. ती लांब असते, पण डब्यात ते काम मुळात मावतच नाही.

मग कोर किती मागायचे? इथे हाव नडते. प्रोग्रॅमचा फक्त ५ टक्के भाग एकामागून एक चालणारा असेल, तर ४८ कोरांवर तो साधारण १४ पट वेगाने धावेल. दहा नोड, म्हणजे ४८० कोर दिले तर १९ पट. जगातले सगळे कोर दिले तरी २० पटींच्या पुढे नाही. म्हणजे दसपट मागून तुम्हाला मिळालं काय, तर १४ चे १९, आणि वर रांगेत दोन दिवस जास्त.

याला अपवाद असलेली कामंच क्लस्टरची खरी गिऱ्हाइकं. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले पाचशे रन असतील तर जॉब अ‍ॅरे (एकाच अर्जात अनेक कामं) टाका, जागा मिळेल तसे ते सुटत राहतात. हवामानाचं मॉडेल किंवा द्रवाचा प्रवाह, जिथे दर पावलाला शेजारच्या कोरशी बोलावं लागतं, तिथे नोडांना जोडणारं इन्फिनीबँड हे वेगवान जाळं उपयोगी पडतं. दोन डबे साध्या केबलने जोडून ते साधत नाही.

रांगेबद्दल सगळे कुरकुरतात, पण ती कशी चालते हे फार थोडे समजून घेतात. रविवारी दुपारची खानावळ आठवा. दहा जणांचं कुटुंब टेबलं जोडून मिळायची वाट पाहतंय, आणि तेवढ्यात ‘चहा घेऊन उठतो’ म्हणणाऱ्या दोघांना मालक मधल्या टेबलावर बसवतो. क्लस्टरची रांग सांभाळणारं स्लर्म हे सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. तुम्ही वॉलटाइम, म्हणजे कामाला लागणारा जास्तीत जास्त वेळ, सहा तास लिहिला तर फटीत बसता. खरं काम सहा तासांचं असून भीतीपोटी चार दिवस लिहिले, तर कुटुंबाच्या मागे उभे राहता. मात्र सहा लिहून सात तास लागले की जॉब मारला जातो, म्हणून थोडी सवलत ठेवा आणि चेकपॉइंट लिहा.

बाकी नियम थोडक्यात. लॉगिन नोडवर, म्हणजे आत शिरताना सगळे जिथे उतरतात त्या संगणकावर, रन लावू नका, ते सगळ्यांचं अंगण आहे. स्क्रॅच या तात्पुरत्या साठ्यावरच्या फाइली ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात. प्रबंधाचा डेटा तिथे ठेवून गावाला जाऊ नका. लाखभर चिमुकल्या फाइली असतील तर एकत्र बांधून ठेवा, नाहीतर तुमच्यामुळे शेजाऱ्याचाही जॉब रखडतो.

क्लाउड मी शेवटी ठेवला, कारण त्याचं गणित संगणकाचं कमी आणि पैशांचं जास्त. कॉन्फरन्सची मुदत चार दिवसांवर आहे, क्लस्टरची जीपीयू रांग हलत नाही, तेव्हा क्लाउड देवासारखा धावून येतो. नवं कार्ड, हवं तितकं, आत्ता. पण ग्रँटमधून ते पैसे कसे भरायचे, हे आधी अकाउंट्सला विचारा. दर महिन्याला बदलणारं डॉलरमधलं बिल पाहून तिथल्या काकांचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. डेटा वर चढवणं सहसा फुकट असतं, खाली उतरवण्याचे पैसे पडतात. पन्नास जीबीचं कुणाला काही वाटत नाही, पण दहा टीबीचे निकाल असतील तर तो खर्च आधी मांडा. स्वस्तातली स्पॉट मशीनं कंपनीला हवी तेव्हा परत घेतली जातात. अ‍ॅमेझॉनकडे त्यासाठी दोन मिनिटांची सूचना मिळते. आणि काम संपल्यावर मशीन बंद करा. दिवाळीच्या सुट्टीत मी एक चालू ठेवून गेलो होतो, आल्यावर फराळ गोड लागला नाही.

गूगलच्या कोलॅबचं फुकट सत्र जास्तीत जास्त बारा तास चालतं, तेही मधेच तुटू शकतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आणि हात बसवायला पुरतं, पीएचडीला नाही.

अजूनही ठरत नसेल तर एक दुपार काढा. तुमच्या कामाचा छोटा तुकडा घ्या, डब्यावर एका कोरवर लावा आणि घड्याळ पाहा. मग क्लस्टरवर तोच तुकडा ६, १२, २४ आणि ४८ कोरांवर. २४ वरून ४८ वर जाताना वेळ जवळपास निम्मा झाला, तर दुसरा नोड मागायला हरकत नाही. दहा टक्केच वाचला, तर २४ कोरांचाच जॉब टाका आणि वॉलटाइम खरा लिहा.