वणव्याची सूचना मोबाईलवर: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला पाच महिन्यांचा अनुभव

मार्च २०२३मध्ये आमच्या तालुक्यातल्या साट्रेच्या डोंगरावर वणवा पेटला. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती आणि आम्ही अंगणात उभे राहून बघत होतो. ती हतबलता मनातून गेलीच नाही. म्हणून यंदा जानेवारीत भारतीय वन सर्वेक्षणाच्या सूचनांसाठी मोबाईल नंबर नोंदवला, जोडीला उपग्रहांना दिसलेल्या आगी ठिपक्यांनी दाखवणारा नासाचा फर्म्स नकाशा घेतला. दोन्ही मोफत. गावातले आम्ही सातजण, एक व्हॉट्सॲप गट आणि एक शंभर पानी वही.

पहिले पंधरा दिवस माझी समजूत चुकीची होती. वाटायचं, आग लागली की फोन वाजेल. तसं होत नाही. आगीची उष्णता टिपणारा व्हिअर्स हा सेन्सर ज्या उपग्रहांवर आहे, ते आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जातात, आणि ठिपका नकाशावर यायला आणखी तीनेक तास लागू शकतात. काजूच्या बागायतीत पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करून चार वाजता कुणी काडी लावली, तर ती आग दिसणार मध्यरात्रीनंतर. तोवर ती बांध ओलांडून रानात शिरलेली असते. दाट झाडीखाली पातेऱ्यातून सरपटत जाणारी आग तर कित्येकदा वरून दिसतच नाही.

दुसरी गोष्ट ठिपक्याची. तो ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आगीची नेमकी जागा नव्हे. फेब्रुवारीत एका ठिपक्यामागे आम्ही तिघं तासभर ओहोळाच्या चुकीच्या बाजूला फिरलो. शेवटी बोंडू वेचायला आलेल्या शेजारच्या काकींनी सांगितलं, "धूर वडाच्या वरच्या अंगाला आहे रे, तिथे कुठे शोधताय?" त्या दिवसापासून वहीत अक्षांश-रेखांशाशेजारी जागेचं गावातलं नाव लिहितो: कुणाची बागायत, कुठला ओहोळ, कुठली पायवाट. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. वनरक्षकाला आकडे सांगितले तर तो नकाशा उघडतो. वडाची खूण सांगितली तर तो थेट निघतो.

एकदा मात्र वनखात्याच्या एका कार्यालयात अर्धा तास फोन कुणी उचलला नाही. आम्हीच हिरव्या फांद्यांनी झोडपून कड विझवली. वारा पडलेला होता म्हणून जमलं. दुपारी समुद्रावरचा वारा चढलेला असताना असलं धाडस कुणी करू नये. आमचा नियम ठरला आहे: आधी फोटो आणि जागा गटावर, मग वनखात्याला फोन, मोठ्या ज्वाळेजवळ कुणीही जायचं नाही.

एप्रिलपर्यंत वही भरत आली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. बहुतेक नोंदी बागायत आणि जंगल यांच्या शिवेवरच्या, त्याही संध्याकाळच्या. उपग्रहाच्या ठिपक्यांवरून एवढं कधीच कळलं नसतं. मग आम्ही त्या बागायतदारांच्या घरी जाऊन बसलो. भांडायला नाही, पातेरा पेटवण्यापेक्षा झाडाच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला, एवढंच सांगायला. चारपैकी तिघांनी ऐकलं.

नोंदणी जरूर करा, पण एकट्याने नको. सूचना आली की चालत जाऊन बघणारी दोन माणसं हवीतच. वहीची प्रत आम्ही पंचायतीच्या जैवविविधता समितीला दिली आहे. डिसेंबरात जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढताना सुरुवात त्या शिवेवरून व्हावी, अशी मागणी पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहोत.