राणीची बाग: पेंग्विनआधी हत्तीपाशी थांबा

भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरलं की बहुतेक मंडळी थेट पेंग्विनकडे सुटतात. आम्हीही नातवासाठीच गेलो होतो. पण मी अठ्ठावीस वर्षं गवंडीकाम केलंय, त्यामुळे माझे पाय आधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीकडे वळले.

घारापुरीचा हा हत्ती. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जुळवून त्याला पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, काळ्या दगडात सांधे दिसतात. नातू म्हणाला, "आबा, याचा पाय मोडला होता का?" पोराला बघता क्षणी कळलं. दुरुस्ती अशीच असावी, मोडलं होतं ते लपवू नये.

दुरुस्तीचा धडा मी चूक करूनच शिकलोय. एका जुन्या बागेतल्या कारंज्याच्या हौदाला मालकाच्या घाईपोटी मी सिमेंटचा गिलावा केला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात लोणा, म्हणजे ओलीमुळे येणारा क्षारांचा पांढरा थर, फुटला, आणि पोपडा निघाला तो दगडाचा पापुद्रा घेऊनच. चुन्याचं काम ओल बाहेर सोडतं, सिमेंट ती आत कोंडतं, आणि दगड आतून कुजतो. तेव्हापासून जुन्या बांधकामाला मी चुना-सुरखीच (चुना आणि विटांची भुकटी) वापरली. वेळ लागतो, पैसे लागतात, पण हात धुवून घरी गेल्यावर शांत झोप लागते.

संग्रहालयाची इमारत १८७२ ची. २००३ ते २००८ या काळात तिचा जीर्णोद्धार झाला, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आत गेलात की आधी मान वर करा: छताची नक्षी, सोनेरी मुलामा, ओतीव लोखंडी खांब. वस्तूंआधी मी तासभर ते छतच बघत राहिलो. बायकोला कंटाळा आला असेल, पण ती काही बोलली नाही.

बागेतच फोर्टातून १९६५ साली हलवलेला मूळ काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आहे, तोही बघा.

बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. मुलांना हत्तीवर चढू देऊ नका, हातही लावू देऊ नका. पाच तारे. पेंग्विन आम्ही दुपारी बघितले.